पांढरा पिपा, निळा पिपा

फोन आला तेव्हा मी चक्कीवर न्यायची ज्वारी काढत होते. एक हात पोत्यात, दुसऱ्या हातात बादली. प्रकाशचा फोन होता. प्रकाश माझ्या थोरल्या जावेचा, कौसाबाईचा मुलगा. तो आईला घेऊन संभाजीनगरच्या दवाखान्यात होता आणि आमचे हेही त्याच्यासोबत होते. मी हॅलो म्हटलं, तर पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग तो म्हणाला, "काकू, माय गेली." मी त्याला काय विचारावं? मी विचारलं, "तू जेवला काय?" त्यानं फोन ठेवून दिला. पुढं कितीतरी वेळ मी पोत्याजवळ बसून होते आणि मनात एकच चालू होतं, हे मी काय विचारलं... मग लक्षात आलं, हे माझे शब्द नव्हतेच. मयताच्या घरात पाय ठेवल्यावर कौसाबाई सगळ्यात आधी हेच विचारायची. रडणाऱ्या बाईला नाही, तिच्या लेकरांना.

तेव्हा हरभरा नुकताच उगवून वर आला होता. आता तो काढायला झाला. थंडीही सरत आली. मी हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चार माणसांत मला बोलता येत नाही. पण वाचायची आवड आहे. शेजारी रशिदा आपांची चक्की आहे, तिथं पेपर येतो. दळण होईपर्यंत मी रविवारची पुरवणी वाचत बसते. लोक आपल्या गेलेल्या माणसाबद्दल त्यात किती चांगलं लिहितात. ती माणसं मोठी असतात, त्यांनी शाळा काढलेल्या असतात, पुस्तकं लिहिलेली असतात. कौसाबाईनं काय केलं? तिनं दोन पिपे भरले. तेवढंच केलं. पण ते कोणीतरी लिहायला पाहिजे, नाहीतर ती नुसती एक चिंगूस बाई म्हणून गावाच्या लक्षात राहील.

चिंगूस तर ती होतीच, ते खोटं कशाला लिहू. आमचं बीबी गाव मोठं आहे, बाजार भरतो. बाजारात ती आली की मिरचीवाला आधीच हात जोडायचा. "कौसाबाई, आज फुकट घेऊन जा, पण भाव नका करू." ती म्हणायची, "फुकट काऊन नेऊ? मी काय मांगून खाते काय? पाव किलो दे अन् वरून चार टाक." चहाची पत्ती ती दोनदा उकळायची. लोणारला जायचं तर सुट्टे पैसे मोजून न्यायची, आणि कंडक्टरनं एक रुपया नंतर देतो म्हटलं की उतरेपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत बसायची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला तिची भीती वाटायची. मी भाकरीला पीठ जास्त घेतलं की ती नुसती परातीकडं बघायची. चूल एकच होती तेव्हा. नंतर वाटण्या झाल्या, शेत वेगळं झालं, पण चूल आम्ही दोघींनी एकच ठेवली. का ठेवली, ते मला सांगता येणार नाही.

पिप्यांचं मला आल्यावर काही दिवसांनी कळलं. तेलाचे रिकामे पत्र्याचे पिपे असतात, वरून कापून झाकण बसवलेले, तसे दोन पिपे स्वयंपाकघरात कोपऱ्याला होते. एक पांढरा, एक निळा. बुद्धविहाराला रंग दिला तेव्हा उरलेल्या रंगात तिनं तो निळा रंगवून घेतला होता, अंधारातही ओळखू यावा म्हणून. चक्कीवर दळण न्यायचं असलं की बादलीत ज्वारी घेतल्यावर ती आधी एक मूठ काढायची आणि पांढऱ्या पिप्यात टाकायची. मग दुसरी मूठ निळ्यात. मजुरीचे पैसे बाजाराच्या दिवशी हातात पडले की त्यातलेही तसेच दोन भाग व्हायचे. थोडे पांढऱ्यात, थोडे निळ्यात, फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या तळाशी. पांढरा पिपा घराचा. आजारपण, लग्न, पाहुणा, पाऊस लांबला तर बियाणं, सगळं त्यातून. आणि निळा लोकांचा.

लोकांचा म्हणजे मयताच्या घरचा. आमच्याकडं ज्या घरात मयत होतं तिथं चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे भाकरी घेऊन जातात, तिला कडू भाकर म्हणतात. ही रीत सगळ्याच समाजात आहे, पण ती जिथं भावकी मोठी तिथं चालते. ज्यांना कोणी नाही, जे बाहेरून कामाला आलेले, ज्यांचं गावाशी वाकडं, त्यांच्या घरी कोण नेतं? कौसाबाई न्यायची. कोणाचंही घर असो, जात बघायची नाही. खबर आली की निळा पिपा उघडायची, रशिदा आपा बाकी दळणं बाजूला सारून तिचं दळण आधी घालायच्या, आणि माणसं स्मशानातून यायच्या आत ही मागच्या दारानं टोपली घेऊन आत. भाकरी, पिठलं, लेकरं लहान असली तर गूळ. आधी लेकरांना जेवू घालायची. म्हणायची, "मेलेल्यासाठी समदे रडतात वं मंदे. लेकराच्या पोटाची याद कोणालेच रायत नाही." आणि निघताना भाकरीच्या फडक्याखाली काही नोटा ठेवायची. दिल्या असं म्हणायची नाही, कोणी विचारलं तर म्हणायची, "फडकं वापस द्या, नवं हाय."

बाहेर हे फार थोड्यांना माहीत होतं. वर्गणीवाले आले की ती त्यांना दारातूनच परत लावायची. "माह्या पिप्यावर तुमचं नाव लिवलं काय?" एकदा गणपतीचे आले, एकदा आमच्याच जयंतीचे आले, दोघांनाही तेच उत्तर. जयंतीच्या पोरांनी बाहेर जाऊन म्हटलं, "म्हातारी पैसा छातीवर बांधून नेईन." मला ते ऐकू आलं, तिलाही आलं. ती आतून ओरडली, "बांधाले तरी ये बे तू, तुह्याशिवाय कोण हाय मले!" पोरं हसत पळाली. त्याच पोरांपैकी एकाचा बाप नंतर वीज पडून गेला, तेव्हा कडू भाकर घेऊन पहिली तीच गेली होती.

मी एकदा धाडस करून तिला विचारलं होतं, "बाई, दोन्ही पिपे सारखेच काऊन भरता? घराचा जरा जास्त भरला तं काय बिघडलं?" आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. तिनं मान वर केली नाही. निवडता निवडताच तिनं सांगितलं. तिचे मालक, म्हणजे माझे भासरे, आजारी होते तेव्हाची गोष्ट. मी या घरात येण्याच्या आधीची. पांढरा पिपा औषधात संपला. मग तिनं निळ्यातलं काढलं. इंजेक्शनं आणली. त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या वीटभट्टीवर एक बाई गेली, लेकरं लहान. खबर हिच्यापर्यंत आली. ही पिप्याजवळ गेली, आत हात घातला, तर हात तळाला लागला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून ती गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, धाकटं लेकरू मेलेल्या आईला बिलगून भुकेनं रडत होतं आणि कोणी त्याच्या तोंडात घास घातला नाही. "अन् आमचे हे बी वाचले नाहीत," ती म्हणाली, "लोकायचं घेऊन बी वाचले नाहीत. मंग काय उपेग झाला?" एवढं बोलून तिनं तुरीतला खडा काढून टाकला आणि परत निवडायला लागली.  मीही निवडायला लागले.

त्या दिवसापासून मला दोन्ही पिप्यांचा आवाज ऐकायची सवय लागली. भरलेल्या पिप्यात मूठ टाकली की आवाजच होत नाही, ज्वारीवर ज्वारी पडते, नुसतं सळ्ळ होतं. रिकाम्या पिप्यात टाकली की पत्रा वाजतो. मी चुलीजवळ पाठ करून बसलेली असले तरी मला कळायचं कोणत्या पिप्यात किती आहे. बरीच वर्षं दोन्ही पिपे सारखेच वाजायचे. मागच्या दोन-तीन वर्षांत फरक पडायला लागला. प्रकाश पुण्याला कंपनीत लागला, खोली घ्यायची तर अनामत भरावी लागते, पांढरा पिपा उघडला. सुनेचं बाळंतपण अवघड झालं, परत उघडला. तो थोडा भरत आला की काहीतरी निघायचंच. आणि निळा मात्र भरतच गेला. कारण आता कडू भाकर कोणाला लागतच नव्हती. मयत झालं की लोक आचाऱ्याला फोन करतात, लोणारहून खिचडीची भगोनी जीपनं येतात, पत्रावळीसकट. ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठीही गावातली पोरं मोबाईलवर पैसे जमा करतात. चांगलंच आहे ते. एकदा कौसाबाई टोपली घेऊन गेली, तर त्या घरच्या सुनेनं म्हटलं, "आजी, ठेवा तिकडं, जेवणं झाली समद्यायची." ती तशीच टोपली घेऊन परत आली. त्या भाकरी आम्ही दोन दिवस खाल्ल्या. मी म्हटलं, "बाई, आता बंद करा न हा पिपा." ती म्हणाली, "लागते कधी ना कधी."

उन्हाळा संपता संपता तिचा घास अडकायला लागला. आधी भाकर अडकायची. ती म्हणायची, "तू कोरडी करून राह्यली भाकर." मी मऊ केली. मग ती चहात बुडवून खायला लागली. मग नुसता चहा. मला दिसत होतं, ती ताटावरून उठून मागच्या अंगणात जायची आणि भिंतीला हात लावून उभी राहायची. शेवटी रशिदा आपांनी तिला झापलं. आपा चक्कीच्या पट्ट्याजवळून ओरडल्या, "क्या कौसाबाई, मेरे यहाँ दळण आधा हो गया तुम्हारा! कोन खाता नहीं घर में?" ती म्हणाली, "मी खाऊन खाऊन कंटाळली वं आपा." आपा हसल्या नाहीत. त्यांनी चक्की बंद केली, तिचा दंड धरून पाहिला आणि मला म्हणाल्या, "मंदा, इसको कल के कल लोणार ले जा."

लोणारच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, मोठ्या शहरात जा, दुर्बिणीची तपासणी लगेच करा, उशीर करू नका. ऑपरेशन सरकारी योजनेत होतं, पण तपासण्या, जाणं-येणं, तिथं सोबत राहणाऱ्यांचं खाणं-पिणं, वरची औषधं, हे सगळं पदरचं. एसटीत ती खिडकीला बसली होती. मी म्हटलं, "बाई, परवाच जाऊ." ती म्हणाली, "पांढऱ्यात काय हाय मंदे? सोयाबीन निघू दे. सोंगणीची मजुरी येईन, माह्या वाट्याचे पोते येतीन, पांढरा पिपा भरला की जाऊ." तिच्या तोंडावर भीती नव्हती. जणू माहेरी जायचा बेत पुढं ढकलते आहे, असं ती बोलली. आमच्याजवळ तेव्हा काही नव्हतं, होतं ते नुकतंच पेरून बसलो होतो. प्रकाश म्हणाला, मी उचल घेतो. तिनं त्याला फोनवर शपथ घातली. "लेकराच्या मानेवर कर्ज नको ठेवू माह्यासाठी. अन् निळ्याचं नाव घेऊ नको."

प्रकाश सुट्टी काढून आला. आल्या आल्या तो स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं निळा पिपा ओढला. जड होता, फरशीवर घासत आला. ती खाटेवरून उठली. इतक्या दिवसांत तिच्यात एवढा जोर मी पाहिला नव्हता. ती आली आणि पिप्याच्या झाकणावर चक्क बसली. पदर सावरला आणि म्हणाली, "आधी मले उचल, मंग पिपा उचल."

"माय, उठ."

"नाही उठत."

"अवं, ज्यायच्यासाठी भरून राह्यली ते लोकं आता हॉटेलातून मांगवून खातात! कोणी येऊन राह्यलं काय तुह्या भाकरीले? तुह्याच घामाचं हाय हे, तुह्याच जीवाले लागू दे न!"

"माह्या घामाचं पांढऱ्यात हाय."

"पांढऱ्यात काय हाय? मीच खाल्लं न पांढऱ्यातलं! मी खाल्लं, माह्या पोरीनं खाल्लं..." त्याचा आवाज फाटला. तो खाली फरशीवर बसला. "तू मेल्यावर कोण उघडणार हा पिपा?"

तेव्हा ती हसली. खरंच हसली, जुन्या सवयीनं, तोंडावर पदर धरून. "मेल्यावर उघडा की. मंग तं आपलंच घर मयताचं. तुमचाच हक हाय त्याच्यावर." तिच्या हसण्यात आम्ही कोणी सामील झालो नाही. दारात आमचे हे उभे होते, ते वळून बाहेर गेले. प्रकाश तिच्या पायाशीच बसून होता. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, "सकाळपासून जेवला काय तू?"

सोयाबीन निघालं. पण काढणीच्या वेळी पाऊस आला, शेंगा शेतातच काळ्या पडल्या. मजुरीही थोडीच झाली, आणि तिच्यानं तर वाकवतही नव्हतं. पांढऱ्या पिप्यात ती रोज मूठ टाकायची. घास स्वतःच्या पोटात जात नव्हता, पण दळणाच्या वेळी मूठ काढायला ती यायचीच, भिंत धरून यायची. एक मूठ पांढऱ्यात... ठण्ण वाजायचं. एक मूठ निळ्यात... आवाज नाही. मला वाटायचं उठून तिचा हात धरावा. निळ्याकडं जाणारा हात पांढऱ्याकडं वळवावा, एवढंच. ती म्हणायची, "कमी हाय म्हणून लोकायची मूठ बंद केली, तं मंग कधीच जास्त होत नाही मंदे." हे तिचं बोलणं बरोबर होतं का चूक होतं, मला अजून ठरवता येत नाही. रात्री अंथरुणावर पडले की वाटतं बरोबर होतं. सकाळी तिची खाट पाहिली की वाटतं, चूक होतं, साफ चूक होतं, आणि आम्ही सगळे त्या चुकीच्या पाया पडत बसलो.

दिवाळी झाल्यावर मी माझे कानातले काढून ह्यांच्याजवळ दिले. ते माझ्या आईनं दिलेले होते. कौसाबाईला सांगितलं नाही, ती म्हणाली असती तुझी पोरगी लग्नाची आहे. लोणारच्या सोनाराकडं ते मोडले आणि त्या पैशांवर तिला संभाजीनगरला नेलं. गाडीत बसताना तिनं माझे कान पाहिले.  माझ्या कानाच्या पाळीला बोट लावलं फक्त. मी सोबत गेले नाही, डॉक्टरांशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ उचलत नाही, आणि घरी पोरगी, गाय. गाडी वळली तेव्हा खिडकीतून तिचा आवाज आला, "दळण नेशीन तेव्हा दोन्ही मुठी काढजो वं!" हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. तपासणी झाली. डॉक्टर ह्यांना म्हणाले, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणली असती तर ऑपरेशनचं बोलता आलं असतं. आता फार पसरलं आहे. पुढं नळीनं दूध, सलाईन... आणि मग तो फोन.

तिला आणायला सरकारी गाडी मिळेपर्यंत वेळ लागणार होता, म्हणून प्रकाशनं खाजगी गाडी केली. सकाळी गाडी दारात आली. अंगण माणसांनी भरलेलं होतं. तिला खाली उतरवलं, घरात घेतलं, बायका रडायला लागल्या. आणि गाडीवाला दाराशी उभा राहिला. भला माणूस होता, टोपी काढून हातात धरून उभा होता, मागत नव्हता, पण जातही नव्हता. ह्यांनी खिशात हात घातला आणि माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं. होते ते पैसे तिकडंच संपले होते. प्रकाश आईच्या डोक्याशी बसला होता, त्यानंही मान वर करून माझ्याकडं पाहिलं.  मी उठले, स्वयंपाकघरात गेले, निळ्या पिप्याचं झाकण काढलं आणि आत हात घातला. कोपरापर्यंत हात गेला, ज्वारी थंडगार होती. तळाशी फडकं लागलं. नोटांना ज्वारीचा वास येत होता. गाडीवाल्याला देऊनही उरलेले पैसे पुढच्या लाकडांना, पांढऱ्या कापडाला लागले... जे पैसे तिला जिवंतपणी शहरात घेऊन गेले नाहीत, ते तिला मेल्यावर घरी घेऊन आले. तिनं सांगितलं होतं तसंच झालं. आपलंच घर मयताचं. आमचाच हक्क.

दुपारपर्यंत कोणी कडू भाकर आणली नाही. लोकांचा दोष नाही. आचाऱ्याला सांगितलेलं सगळ्यांना माहीत होतं, खिचडी संध्याकाळी येणार होती. पण प्रकाशची पोरगी लहान आहे, ती भुकेनं रडायला लागली, आणि तिची आई सासूजवळ बसलेली, कोणाचं लक्ष नाही. मी निळ्यातली ज्वारी बादलीत काढली आणि रशिदा आपांकडं गेले. त्यांनी चक्की सकाळपासून बंद ठेवली होती, कौसाबाईसाठी. मी बादली पुढं केली. ज्वारीत खोचलेलं, निळा रंग लागलेलं पिप्यातलं माप त्यांनी ओळखलं. काही न विचारता चक्की चालू केली. आपांचं तोंड पट्ट्याकडं होतं, खांदे हलत होते, चक्कीच्या घरघरीत रडणं ऐकू येत नव्हतं. भाकरी त्यांच्याच चुलीवर केल्या, आमची तर पेटवायची नव्हती. मी मागच्या दारानं घरात गेले. स्वतःच्याच घरात मागच्या दारानं. आधी पोरीला जेवू घातलं. मग प्रकाशच्या हातात भाकर दिली. तो म्हणाला, "कोणत्या पिप्यातली?" मी म्हटलं, "निळ्या." त्यानं भाकर मांडीवर ठेवली.  मग एक तुकडा मोडून पोरीच्या तोंडात घातला. स्वतः खाल्ली नाही. पुण्याला परत जाईपर्यंत त्यानं त्या पिप्याकडं पाठ केली होती.

परवा खालच्या गल्लीत एक म्हातारी गेली. निळ्यात न्यायला काही नव्हतं, होती ती ज्वारी आल्यागेल्यांच्या भाकरीत संपली होती आणि नंतर मी मूठ टाकलीच नव्हती. मी कधी कोणाच्या घरी एकटी जात नाही, पण त्या दिवशी गेले, मुद्दाम काहीच न घेता. दोन्ही हात पदराखाली घेऊन गेले. बायकांमध्ये जाऊन कोपऱ्यात बसले. कोणी विचारलं नाही काय आणलं, कोणी माझ्या हाताकडं पाहिलं नाही. एका बाईनं सरकून जागा दिली. थोडा वेळ बसले आणि आले... जाता येतं, बाई. रिकाम्या हातानंही जाता येतं. वीटभट्टीवरच्या त्या लेकराला नुसतं कडेवर घेतलं असतं तरी चाललं असतं. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. तूर निवडताना मी समोर बसले होते, मलाही तेव्हा सुचलं नाही, आणि आता सुचून काय करू? पिप्याला सांगू?

आज दळण न्यायचं होतं. बादलीत ज्वारी घेतली. जायच्या दिवशी ती गाडीतून ओरडून गेली ते कानात आहे, हात आपोआप गेला. एक मूठ काढली. त्या मुठीचं काय करायचं ते मला कळेना, मूठ मिटून तशीच उभी राहिले. बाहेरून आपांची हाक आली, "मंदा, लाइट जानेवाली है, आती क्या?" मी पांढऱ्या पिप्याचं झाकण काढलं आणि मूठ सोडली. ठण्ण वाजलं. मग निळ्याचं काढलं. त्यातही एक मूठ सोडली. ठण्ण वाजलं. आता दोन्ही पिपे सारखेच वाजतात.